घोडा नसतानाचे घोड्याचे खाते

इंग्रजी अमदानीत जत संस्थानच्या जमाखर्चात एक बाब दरसाल नेमाने येत असे. घोडेस्वारांच्या चाकरीच्या मोबदल्यात इंग्रज सरकारला द्यावयाचे रुपये ६,४००. डफळे घराण्याची ही जहागीर मूळची लष्करी. ठरलेले स्वार धन्याच्या हाकेला हजर ठेवावेत, ही तिची जुनी अट. पुढे लढाया संपल्या, घोडे पागेतून गेले, परंतु त्यांचा खर्च मात्र गेला नाही. तो रोख आकड्याच्या रूपाने वहीत बसून राहिला.

याच जहागिरीच्या इतिहासात कर्जाचीही एक नोंद आहे. १८२७ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी जत जहागीर जप्त केली, ती जहागीरदाराचे कर्ज फेडण्यासाठी. कर्ज फिटल्यावर, १८४१ साली, ती परत देण्यात आली. उत्पन्नाचा धनी घरात असून उत्पन्न चौदा वर्षे दुसऱ्याच्या हाती! त्यानंतरही जतच्या पैशाच्या व्यवहारात इंग्रज सरकारला एकाहून अधिक वेळा हात घालावा लागला आणि १८७४ ते १८८५ या काळात तर सारा कारभारच सरकारने आपल्याकडे ठेवला. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तालुका दक्षिण सातारा जिल्ह्यात आला, १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. आज जतच्या बाजारपेठेत बसणाऱ्या व्यापाऱ्याला हे सारे दूरचे वाटेल. तरीही घोडा आणि कर्ज हे दोन शब्द एकाच वहीत कसे येतात, हे पाहण्यासाठी जतइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

हा विषय आताच काढण्याचे कारण साधे आहे. आपल्या अनेक घरांत अलीकडे घोड्याची हौस शिरली आहे. कोठे मुलाने अकलूजचा बाजार पाहिला, कोठे नातवाने सारंगखेड्याच्या यात्रेची चित्रफीत भ्रमणध्वनीवर पाहिली, कोठे धाकट्या भावाच्या मनात वरातीसाठी घोडी ठेवून जोडधंदा करण्याचे आले. त्याच घरात लग्नाचे, माडीचे किंवा दुकान वाढवल्याचे देणेही असते. मग जेवणाच्या वेळी प्रश्न निघतो : हप्ते चालूच राहणार, तोवर घोड्यासाठी थोडे थोडे बाजूला टाकले तर काय बिघडले? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो विचारणारा मुलगा बहुधा घरातील सर्वांत कष्टाळू मुलगा असतो.

मराठ्यांच्या लष्करात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. शिलेदाराचा मान मोठा आणि मोबदलाही अधिक, पण घोडा मेला तर तोटा त्याचा. बारगिराला तेवढी ऐट नव्हती, परंतु जनावर गमावल्याने त्याचे घर बुडत नसे. शिवछत्रपतींनी पागेवर अधिक भर दिला, त्यामागे शिस्त हे कारण होतेच. शिवाय घोड्याचे ओझे एकट्या माणसाच्या शिरावर राहू नये, हीही त्या व्यवस्थेची बाजू होती, असे मला वाटते. आपल्या घरच्या प्रश्नाला हीच भाषा लागू पडते. आपल्याला शिलेदार व्हायचे आहे की काय, आणि व्हायचे असेल तर घोडा मेल्याचा तोटा सोसण्याइतकी गाठ आपल्या पदरी आहे काय?

मोठमोठ्यांचीही या ठिकाणी दमछाक झाली. पहिले बाजीराव पेशवे यांच्याएवढा घोडदळाचा जाणकार दुसरा दाखवता येत नाही. त्यांच्या मोहिमांचे यश घोड्याच्या वेगावर उभे होते, आणि तो वेग कर्जावर. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्यांचे गुरू आणि सावकारही. स्वामींनी पेशव्यांना रकमा व्याजी दिल्या होत्या, आणि कर्जाच्या विवंचनेने भरलेली बाजीरावांची पत्रे आजही वाचावयास मिळतात. फौज उभी करण्यास पैसा आधी लागतो, मुलखाची वसुली मागाहून येते, आणि मधल्या महिन्यांत घोडा रोज खातो. दुकानदाराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. माल उधारीवर गेला आहे आणि दुकानाचे भाडे रोख द्यायचे आहे, ही अवस्था त्याने पाहिलेली असते. बाजीरावांच्या नातवाने, माधवरावांनी, १७७२ साली थेऊर येथे मृत्युशय्येवर असताना ज्या गोष्टींची काळजी वाहिली, त्यांत घराण्याचे कर्ज फेडण्याची गोष्ट होती.

आता एक प्रकरण असे, जे आपल्या मासिकात सहसा निघत नाही. ते टाळून या विषयावर लिहिणे मात्र मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

भीमा नदीच्या काठचा प्रदेश तो भीमथडी. तेथील काटक, ठेंगणे, कमी चाऱ्यावर लांब पल्ला मारणारे तट्टू मराठ्यांच्या दौडीचा आधार होते. राज्यगीतामुळे ते नाव आज शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. अलीकडे या घोड्याला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद मिळाली. पुणे जिल्ह्यातील त्या भीमथडी तालुक्यातच, सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांचा जमाव मारवाडी व गुजराती सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेला. पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तेच झाले. माणसांना इजा फारशी झाली नाही. जमावाला हवी होती ती खते, रोखे आणि वह्या. त्या हिसकावून जाळण्यात आल्या. त्या पेढ्यांत आपल्या समाजाच्या पेढ्याही होत्या.

हे का घडले? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्याकडच्या कापसाला चढा भाव आला, पैसा मुबलक झाला, कर्जे सहज मिळाली. युद्ध संपले, भाव कोसळला. त्यातच नव्या मोजणीने सारा वाढला. परंतु याहून बारीक आणि आपल्याला शिकण्यासारखे कारण कायद्याच्या एका कलमात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाला संरक्षण देण्याचा होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी जुने खत फाडून नवे लिहून घेण्याचा प्रघात पडला, आणि नव्या खतात थकलेले व्याज मुद्दल म्हणून चढू लागले. व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापेक्षा अधिक घेऊ नये, असा दामदुपटीचा जुना नियम होता. तोही येथे लुळा पडला, कारण दर वेळी मुद्दलच वाढलेले असे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने न्यायालयाला खतामागचा सारा हिशेब उकलून मुद्दल व व्याज वेगळे करण्याचा अधिकार दिला. तो कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांना लागू झाला.

या घटनेत आपले पूर्वज सर्वस्वी निर्दोष होते असे मी म्हणणार नाही, सर्वस्वी दोषी होते असेही नाही. येथे ते प्रकरण काढले ते वेगळ्या कारणासाठी. कर्ज 'नवे-जुने' करणे हा शब्द आजही प्रत्येक पतसंस्थेच्या खिडकीवर ऐकू येतो, आणि आज खिडकीच्या बाहेरच्या बाजूला आपल्यापैकी अनेक उभे असतात. सोनेतारणाची मुदत संपली की व्याज मिळवून नवी पावती करायची, दागिना तिजोरीतच, आकडा मात्र मोठा. १८७५ पूर्वीच्या कुळाचे झाले तेच हे, फक्त टक्के कमी आणि कागद चकचकीत. घरात घोड्याची पेटी ठेवण्याआधी पाहावयाचे ते हे, की आपल्या कर्जांपैकी कोणते कर्ज गेल्या तीन वर्षांत नवे-जुने झाले आहे.

आता एक घर कल्पनेने उभे करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, वाचकाने आपापले घालावेत. तालुक्याच्या गावी किराणा व भुसाराचे दुकान. घरखर्च आणि सर्व व्याज-हप्ते भागवून दरमहा ४,००० रुपये शिल्लक पडतात. देणे तीन प्रकारचे. नात्यातून घेतलेले हातउसने ६०,०००, दर शेकडा दोन. सोनेतारण १,५०,०००, दर वर्षाला १२ टक्के. आणि घराचे लांब मुदतीचे कर्ज, ज्याचा हप्ता ठरलेला आहे. मनात असलेल्या घोड्याची किंमत एक लाख धरू.

शेकडा दोन हा दर बोलताना लहान वाटतो. आपल्या जुन्या पिढीची दरमहाचा दर सांगण्याची सवय अजून गेलेली नाही. वर्षाचे ते २४ टक्के. परवाना असलेल्या सावकारालाही आपल्या राज्यात एवढा दर घेता येत नाही, आणि आपण तो 'घरातला व्यवहार' म्हणून देत असतो.

पहिला मार्ग हौसेचा. हातउसन्याचे फक्त व्याज, म्हणजे १,२०० रुपये, देत राहायचे आणि शिलकीचे ४,००० दरमहा आवर्ती ठेवीत टाकायचे. ठेवीला ७ टक्के मिळाले, तर पंधरा महिन्यांनी सुमारे ६२,८०० जमतात. मुलगा पासबुक पाहून खूश होतो. परंतु ६०,००० चे देणे जिथल्या तिथे आहे, म्हणजे खरी शिल्लक २,८००. दुसरा मार्ग असा : तेच ४,००० आणि तेच १,२०० मिळून ५,२०० दरमहा हातउसन्यावर द्यायचे. चौदाव्या महिन्यात ते देणे संपते आणि पंधराव्या महिन्याअखेर सुमारे ९,१०० हाती उरतात. घरातून गेलेली रक्कम दोन्ही मार्गांत अगदी सारखी, फरक ६,३०० रुपयांचा. सात टक्क्यांनी मिळवायचे आणि चोवीस टक्क्यांनी द्यायचे, हा व्यापार आपण गल्ल्यावर बसून कोणालाही करू दिला नसता.

पहिल्याच मार्गाने पुढे गेलो तर चोविसाव्या महिन्यात एक लाख जमतात आणि घोडा दारात येतो. येथून पुढची गोष्ट घोडा विकणारा सांगत नाही.

अडीचशे ते तीनशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो सुका चारा लागतो. काम घेतले तर वर हरभरा, भरडा, कोंडा असा खुराक. पाणी तीस लिटरच्या आसपास, उन्हाळ्यात त्याहून अधिक. गाय रवंथ करते आणि निकृष्ट चाऱ्यातूनही सत्त्व काढते. घोड्याची पचनाची रचना निराळी, त्याला थोडे थोडे पण सतत आणि स्वच्छ खाणे लागते. बुरशी धरलेला कडबा गाय कदाचित निभावून नेईल, घोड्याला त्याने पोटशूळ उठतो. घोड्याला ओकारी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले वाईट बाहेर पडण्याचा तो मार्गही त्याला नाही. पोटशुळाने रात्रीतून जनावर गेल्याची उदाहरणे घोडेवाल्यांत सर्वतोमुखी असतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटणे आणि नाल, धनुर्वाताची लस, रोजचा खरारा, दोन वेळची लीद काढणे, आणि दिवसातून थोडी तरी चाल. बांधून ठेवलेला घोडा बिघडतो.

हे सगळे मिळून महिन्याला ६,००० धरू. वर्षाचे ७२,०००. म्हणजे सतरा महिन्यांत घोडा स्वतःची किंमत खाऊन मोकळा होतो. वर सांगितलेल्या घराकडे दरमहा शिल्लक किती? ४,०००. म्हणजे पंचविसाव्या महिन्यापासून दरमहा २,००० ची तूट, ती भरायला पुन्हा शेकडा दोनचा दर, आणि साठ हजारांचे जुने देणे तसेच. घोडे अडते ते येथे. किमतीची जुळणी होते, महिन्याची होत नाही.

त्यात हा जत तालुका आहे. पाऊस बेताचा, पूर्वेकडचा भाग तर पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे पाहणारा. म्हैसाळच्या योजनेचे पाणी काही गावांना पोहोचले, द्राक्षे आणि डाळिंबे उभी राहिली, हे खरे. परंतु दुष्काळी वर्षी शाळवाच्या कडब्याचा भाव कसा चढतो हे भुसाराच्या व्यापाऱ्याला कोणी सांगायला नको. चारा छावण्या निघतात त्या गाई-म्हशी-बैलांसाठी. हौसेचा घोडा त्या हिशेबात कोठे बसतो? तोच ६,००० चा खर्च त्या वर्षी ९,००० झाला, तर एका वर्षात १,०८,००० : किमतीहून अधिक.

याच तालुक्यात घोडा हौसेपोटी नव्हे तर गरज म्हणून पाळणारे लोक आहेत, आणि त्यांच्याकडून शिकण्याजोगे पुष्कळ आहे. माडग्याळ हे जत तालुक्यातील गाव, त्याच्या नावाने मेंढीची एक नामांकित जात ओळखली जाते. मेंढरे घेऊन चाऱ्यामागे फिरणाऱ्या धनगर कुटुंबाचे सारे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते : भांडी, वाघर, अंथरुण, कोकरे, कधी लहान मूलही. त्याचा घोडा चरत चरत चालतो, म्हणून त्याला कडबा विकत घ्यावा लागत नाही. तरी वाटेत घोडा मेला तर मेंढरे विकून किंवा उसने काढून दुसरा आणावा लागतो, कारण बिऱ्हाड थांबवता येत नाही. त्याचे कर्ज आणि आपल्या घरातील हौसेचे कर्ज एका मापाने मोजू नये. आपल्या दुकानी असा माणूस घोड्यासाठी उधारी मागायला आला, तर ती उत्पादक गरज आहे हे ओळखण्याइतका व्यापार आपल्याला यावा.

वरातीच्या घोडीचा जोडधंदा हा तिसरा प्रकार. त्याचे गणित मांडणाऱ्यांनी मुहूर्तांचे दिवस मोजावेत. लग्नसराईचे मोजके महिने, त्यातही चातुर्मास कोरडा, आणि पोट मात्र बारा महिन्यांचे. शिवाय श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत जनावरे-गाड्या भाड्याने चालवून उपजीविका करणे येते. ज्यांनी त्या मर्यादा घेतल्या आहेत त्यांच्यासाठी हा दरवाजा तेथेच बंद होतो. ज्यांनी घेतलेल्या नाहीत त्यांनीही बँडच्या गोंगाटात, फटाक्यांत, डांबरी रस्त्यावर मध्यरात्रीपर्यंत उभ्या राहणाऱ्या घोडीकडे एकदा पाहावे.

धर्माचा उल्लेख निघालाच आहे तर थोडे आणखी. तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचे लांछन घोडा आहे, तेव्हा हे जनावर आपल्याला परके नाही. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, ते वाचताना तर एखाद्या पागेची नियमावलीच वाचतो आहोत असे वाटते : बांधून घालणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे, खाणे-पिणे अडवणे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह-परिमाणाच्या दोषांत जनावरांना मर्यादेबाहेर हाकण्याचा दोष पहिला मोजला आहे आणि अतिभार लादण्याचा शेवटचा. शेवटच्या अतिचाराकडे विशेष लक्ष द्यावे. खाणे अडवणे हे दुष्टपणानेच होते असे नाही, हप्ता थकलेल्या घरातही होते. महिन्याच्या वीस तारखेनंतर खुराक निम्मा करणारा माणूस क्रूर नसतो, फक्त त्याने हिशेब न करता घोडा आणलेला असतो. कर्ज फेडण्याचा आणि घोड्याचा प्रश्न या जागी माझ्या लेखी पैशाचा राहत नाही.

मग हौस सोडूनच द्यावी काय? मी तसे सुचवीत नाही. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्‌गृहस्थाच्या लक्षणांत आयानुसार व्यय हे लक्षण घातले आहे. त्यात व्यय नको असे म्हटलेले नाही. पाच वर्षांची धीराची योजना वरच्याच घरासाठी मांडता येते, आणि ती आपल्या खतावणीच्या पद्धतीत सहज बसते.

येत्या दिवाळीला वहीपूजन झाले की नव्या वहीत एक पान घोड्याच्या नावाने उघडावे. घोडा अजून नाही, पण खाते आहे. दरमहा घोडा असता तर जो खर्च झाला असता तो ठरलेल्या तारखेस त्या खात्याच्या नावे टाकण्याचा प्रयत्न करावा. आरंभी ६,००० निघणार नाहीत, ४,००० निघतील. निघतील तेवढे निघू द्यावेत, आणि कमी पडले ते समास सोडून लिहून ठेवावे. ही रक्कम पेटीत ठेवायची नाही, त्याच दिवशी सर्वांत महाग कर्जाच्या मुद्दलात भरायची. हातउसने चौदाव्या महिन्यात संपते. त्याचे सुटलेले १,२०० व्याज याच पानावर येते, म्हणजे ५,२०० झाले. पंधराव्या महिन्याअखेर उरलेले ९,१०० सोनेतारणात भरले की मुद्दल सुमारे १,४०,९०० उरते. आता ५,२०० आणि सोनेतारणाचे नेहमीचे १,५०० व्याज मिळून ६,७०० दरमहा दिले, तर आणखी चोवीस महिन्यांत दागिना घरी येतो. एकोणचाळीस महिने झाले. घराचा हप्ता आपल्या गतीने चालू आहे, त्याला घाई नको, तो दर सर्वांत कमी आहे.

आणि पाहा, ६,७०० हा आकडा घोड्याच्या ६,००० च्या पहिल्यांदाच वर गेला. घोडा पोसण्याची ऐपत या घरात नेमकी या महिन्यात आली, त्याआधी नव्हती. आता तीच रक्कम ठेवीत टाकली तर वीस महिन्यांत १,४२,००० च्या आसपास जमतात : घोड्याचा एक लाख, सहा महिन्यांच्या चारा-खुराकाचे ३६,०००, आणि खोगीर-लगामाला काही. एकूण एकोणसाठ महिने. पाच वर्षांना एक महिना कमी.

शिंगरू स्वस्त मिळते, ते आत्ताच घेऊ, असा तोडगा कोणी सुचवील. शिंगरू तीन वर्षांचे होईतो त्यावर बसता येत नाही आणि खाणे मात्र पहिल्या दिवसापासून. वर्षभराची फी आगाऊ भरून शाळा तीन वर्षांनी सुरू व्हावी तसे हे.

एक सवलत मात्र मी देईन. ४,००० पैकी ५०० रुपये खरोखरीच्या डब्यात टाकावेत, मुलाच्या हाताने. हिशेबाच्या दृष्टीने हे चूक आहे, त्या पाचशेवर आपण वर्षाला २४ टक्के गमावतो, आणि वरच्या मुदती त्या मानाने लांबतात. पण पाच वर्षे नुसते देणे फेडत राहणारे घर थकते, आणि थकलेले घर एखाद्या यात्रेत अचानक सौदा करून मोकळे होते. त्या अचानक सौद्यापेक्षा महिन्याचे पाचशे स्वस्त पडतात. त्याच पैशातून सुटीच्या दिवशी ओळखीच्या घोडेवाल्याकडे मुलाला धाडावे. बसायला नव्हे, लीद काढायला, खरारा करायला आणि तोबरा बांधायला. सहा महिने पहाटे पाचला उठून हे केले आणि हौस टिकली, तर ती हौस खरी. बहुतेक घरांत प्रश्न येथेच सुटतो, एका किंवा दुसऱ्या बाजूने.

बाजाराविषयी थोडे. जतच्या यल्लम्मा देवीची यात्रा मार्गशीर्षात भरते, तिथला जनावरांचा बाजार खिलारासाठी नावाजलेला. घोड्यासाठी आपल्या भागातले लोक दिवाळीनंतर अकलूजला जातात, काही नांदेडकडील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेस, आणि मोठ्या हौसेचे नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्यास, दत्तजयंतीच्या सुमारास. पहिल्या वर्षी खिशात पैसे न घेता जावे. उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरतो तेथे आपली भुसारातली हुशारी कामाला येत नाही. दात पाहून वय ओळखता येते : पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून कायमचे येतात, त्यानंतरचा अंदाज मुरलेल्या माणसाचा. अंगावरच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ सांगून भाव चढवतात आणि पाडतात. मला त्यात तथ्य दिसत नाही. उलट 'अशुभ' भोवऱ्याचे, पण पायाने निरोगी जनावर कमी भावात मिळत असेल तर शहाण्याने त्याकडे आधी पाहावे. भोवऱ्यापेक्षा खूर पाहावा, घोडा कठीण जमिनीवर दुडका चालवून घ्यावा, आणि त्याला पाणी पिताना पाहावे.

दोन गोष्टी सौद्याआधी. ग्लँडर्स या रोगाची रक्ततपासणी झाली आहे काय, याचा कागद मागावा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा कायद्याने नष्ट करावा लागतो, म्हणून येथे भीड नको. आणि आपल्या गावापासून पोहोचण्याजोग्या अंतरावर घोडा जाणणारा पशुवैद्य आणि नालबंद आहे काय, हे आधी शोधावे. गाई-म्हशींचे डॉक्टर तालुक्याला मिळतात, नालबंद मिळेलच असे नाही, आणि त्याच्या येण्या-जाण्याचा खर्च मासिक ६,००० मध्ये आधीच धरावा लागतो.

सौदा झाला, पावती घेतली, तर विकणाऱ्याकडून त्याच्या चालू चाऱ्याचे एक ओझे मागून घ्यावे. बहुतेक जण हसतात आणि देतात. नवा कडबा त्यात रोज थोडा थोडा मिसळत आठवडा-दहा दिवसांत बदल करावा, एकदम बदल केला तर पहिल्याच आठवड्यात पोटशूळ उठण्याची भीती असते. टेंपोतून आणताना वाटेत पाणी दाखवावे. घरी आल्यावर त्या रात्री कोणीतरी गोठ्याजवळ झोपावे. आणि वहीतल्या घोड्याच्या पानावर इतके दिवस नावे पडत गेलेल्या रकमेखाली, प्रथमच, कडब्याच्या पेंढ्यांची संख्या लिहावी.